पाण्याखालचा हात

विमल गजभिये आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या मला जवळजवळ ढकलून. बदलीवर लखनौला येऊन आमचं सामान नुकतंच उतरलेलं, मी दारात उभी, केसांत धूळ. "मराठी माणसं आली म्हणे, म्हणून आले," एवढं बोलून बाई माझ्या बाजूनं सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. मला वाटलं, पाणी हवं असेल. त्यांनी सिंकचा नळ पूर्ण सोडला, धार बघितली आणि बंद केला. गॅसची नळी बोटांनी चाचपली. शेगडीवरच्या चहाच्या भांड्याचा दांडा बाहेर आला होता, तो आत वळवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "नायलॉनचा गाऊन घालून सैपाक करून राहिली तू? फेकून दे. आजच."

मी बँकेत काम करते. दिवसभर लोकांना 'उद्या या' सांगायची सवय असलेल्या बाईला कुणी 'आजच' म्हटलं की डोकं फिरतं. पण ओळख ना पाळख, बोलणार काय? चहा टाकला, तर तो त्यांनी उभ्याउभ्याच अर्धा प्यायला आणि निघाल्या. संध्याकाळी मी गाऊन बदलला, हेही खरं आहे.

अलीगंजातलं ते घर तीन मजल्यांचं. खाली घरमालकीण अम्माजी, मध्ये आम्ही, आणि वर गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत विमलमावशी. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. नवऱ्याला केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयात नोकरी लागली म्हणून तरुणपणी इकडे आल्या, स्वतः सरकारी इस्पितळात नर्स झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत भाजलेल्यांच्या वॉर्डात राहिल्या. दुसरा वॉर्ड मिळत होता, घेतला नाही. नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थिरावला आणि दर रविवारी फोनवर 'आई, इकडे ये' म्हणून भांडू लागला, तरी बाई हलल्या नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यापुढे विजेचा छोटा दिवा. "मेणबत्ती नाही लावत मी. पाहिलं पुष्कळ," म्हणायच्या. हात कोपरापर्यंत मोकळे. गल्लीतल्या बायकांना वाटे, विधवा आहे म्हणून. खरं तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, नवरा चांगला धडधाकट असताना, त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या. हे गल्लीला समजावून सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

भाजण्यावर त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं आणि ते सांगताना त्या भांडायच्याच. "आधी पाणी. साधं, नळाचं, वाहतं. वीस मिनिटं. अन् वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, जाहिराती सोडून." टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस या सगळ्यांचा त्या एका दमात उद्धार करत. "जखम काय नवरी आहे सजवायले?" बर्फाचं नाव काढलं तर, "तो शरबतात टाक. आधीच जळाली ती चामडी, वरून गारठवते काय तिले?" आणि आलेला फोड फोडायला कुणाचं बोट पुढे झालं, की त्यावर खरोखरची चापट बसायची. "ती शरीरानं स्वतः बांधलेली पट्टी आहे. तुले कोणी सांगितली सोडायले?"

त्यांचं चुकायचंही, आणि चुकलं तरी आवाजाची पट्टी तीच. गोमती नगरात मराठी मंडळाचा गणपती असतो. एका वर्षी मोदकपात्राचं झाकण काढताना कार्यक्रमाच्या मुख्य बाईंच्या बोटाला वाफ लागली. त्या फक्त 'आई गं' म्हणाल्या. मावशींनी त्यांचं मनगट धरून त्यांना ओढत न्हाणीघरात नेलं आणि नळाखाली उभं केलं. पैठणी भिजली, घड्याळ भिजलं, आरती खोळंबली. बाहेर आल्यावर भाजलेलं बोट कोणतं ते शोधावं लागलं. पुढच्या वर्षी मंडळानं मावशींना चपला सांभाळणाऱ्यांच्या शेजारी, प्रसाद वाटायला बसवलं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. त्यांना मात्र काहीच वाटलं नाही. "पैठणी वाळते. त्यात काय एवढं?"

पण त्या स्वस्थ नसत. आमच्या छताला त्यांच्या चपलांचा आवाज पाठ झाला होता. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. एकदा मी वैतागून वर गेले आणि विचारलं, तुम्ही बसत का नाही हो कधी? तेव्हा त्यांनी सांगितलं. वॉर्डात येणाऱ्या बहुतेक पोरी नव्या लग्नाच्या असत. "सगळ्या एकच सांगायच्या. स्टोव्ह फुटला. नवऱ्यासमोर, सासूसमोर, पोलिसासमोर. स्टोव्ह गेले, घरोघरी गॅस आला, तरी ह्यांचा स्टोव्हच फुटून राहिला." मावशी खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. "मी जखम धुताना, पाणी सोडता सोडता विचारायची. कोणी जवळ नसताना. बेटा, खुद से हुआ कि किसी ने किया? पाण्याखाली हात असला की माणूस खोटं नाही बोलत."

"सांगायच्या?"

"एखादी."

आणि त्या पुन्हा चालायला लागल्या.

मी सांगते आहे तो प्रकार संक्रांतीच्या दिवशी घडला. इकडे त्या दिवसाला खिचडीच म्हणतात. अम्माजींच्या मुलाचं, अनुजचं, लग्न होऊन दोन महिने झाले असतील. पोरगा फौजेत, रजा संपवून बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर परत गेला होता. त्याची बायको रश्मी खाली सासूपाशी. नाजूक, हसरी मुलगी. दोन्ही हातांत मनगटापासून पार वरपर्यंत लाखेच्या आणि काचेच्या बांगड्या. अनुज पुढच्या रजेवर घरी येईपर्यंत त्यातली एकही उतरायची नाही, असा अम्माजींचा नियम. अम्माजी तशा प्रेमळ. सुनेला स्वतःच्या हातानं तेल लावून देत. पण मुलगा बर्फात बसलेला, आणि त्या बांगड्यांवर त्यांचा सगळा जीव टांगलेला. रश्मीचा हात कुठं आपटला तरी त्या आधी बांगड्या बघत.

दुपारी खालून किंकाळी आली. सुट्टी होती म्हणून मी घरी होते. मी पदर सावरेपर्यंत मावशी वरून उतरून माझ्या दारावरून पुढे गेल्यासुद्धा. खाली बघते तर तिळाच्या लाडवांसाठी केलेला गुळाचा पाक रश्मीच्या डाव्या हातावर सांडलेला. कढई जमिनीवर उपडी. पाक बोटांपासून कोपराच्या खालपर्यंत, आणि बांगड्यांच्या आत शिरलेला. पाण्यानं भाजलं तर पाणी ओघळून तरी जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. अम्माजी तुपाचा डबा घेऊन धावत होत्या.

"घी नीचे रखो!" मावशी ओरडल्या आणि पोरीला अंगणातल्या नळाशी घेऊन गेल्या.

"इतनी ठंड में पानी? लड़की मर जाएगी हमारी!"

"हाथ ठंडा करने का है, लड़की नहीं. सुषमा, रजई आण!"

मी रजई आणली, रश्मीला पाटावर बसवून तिच्याभोवती गुंडाळली. तिचा तेवढा एक हात बाहेर, धारेखाली. लखनौच्या जानेवारीतलं ते पाणी, माझीच बोटं बधिर झाली. अम्माजींनी मागून रजईचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. मावशी पाक ओढून काढत नव्हत्या, फक्त पाणी त्यावर खेळवत होत्या. हळूहळू गूळ विरघळायला लागला. अंगठी आधी काढली. काचेच्या चार-दोन बांगड्या निसटून आल्या. लाखेच्या मात्र गरम पाकानं मऊ होऊन कातडीला धरून बसल्या होत्या, त्यांच्या मागच्या काचेच्याही अडकल्या. आणि हात डोळ्यांदेखत सुजत चालला होता.

"सुषमा, तुझ्याकडे पक्कड आहे ना? आण."

अम्माजींना शब्द कळला नसावा, अर्थ बरोबर कळला. रजई एका हातानं तशीच धरून त्यांनी दुसरा हात मध्ये घातला. "नहीं सिस्टर. चूड़ी नहीं टूटेगी. हमारा लड़का बरफ़ में बैठा है. आप जो कहेंगी करेंगे, डॉक्टर के यहाँ ले चलेंगे, चूड़ी मत छुइए. आपके हाथ जोड़ते हैं."

"अम्माजी, सूजन चढ़ेगी तो उँगलियाँ जाएँगी. डॉक्टर भी यही करेगा, पर तब तक देर हो जाएगी."

मी जिना चढले. खोटं कशाला बोलू, मलाही ते नको होतं. आमच्याकडे सांगलीलासुद्धा बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. मी पक्कड आणून मावशींच्या हातात दिली. अम्माजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर चुकवून नळाकडे बघत बसले. आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गेलं. सकाळपासून वीज नव्हती, गच्चीवरची टाकी संपली होती. मग मी आमच्या पिंपातून बादल्या भरभरून खाली-वर पळत राहिले. मावशी एका हातानं तांब्यानं धार धरत आणि दुसऱ्या हातानं, बांगडीखाली ओल्या फडक्याची घडी सरकवून, एकेक बांगडी कापत. रश्मी डोळे मिटून बसली होती. मोरीत काच पडल्याचा आवाज आला, की अम्माजी 'राम राम' म्हणत.

शेवटची बांगडी निघाली तरी मावशींनी पाणी थांबवलं नाही. मी पुढची बादली घेऊन आले, तेव्हा त्या रश्मीच्या कानाशी वाकल्या होत्या. "बेटा, सच बोल. खुद से गिरा कि किसी ने गिराया?"

रश्मीनं डोळे उघडले. तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "नहीं आंटी! कड़ाही का कुंडा छूट गया हाथ से. अम्मा तो रसोई में थीं भी नहीं."

अम्माजी अगदी मागे उभ्या होत्या. "क्या पूछा आपने?"

"जो सबसे पूछती हूँ," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

अम्माजींनी धरलेलं रजईचं टोक सोडलं आणि त्या आत निघून गेल्या. मावशींनी रश्मीच्या हातावर नवी कोरी प्लास्टिकची पिशवी सैलसर चढवली आणि मी रिक्षा बोलावली. इस्पितळात तरुण डॉक्टरनं हात बघून विचारलं, चूड़ियाँ किसने उतारीं? अच्छा किया. आठवड्याभरात बोटं नीट हलायला लागतील, म्हणाला. मला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं? अनुजचा फोन दर रविवारी यायचा. त्या रविवारी आला नाही. पहाडात बर्फ पडत असल्याच्या बातम्या होत्या, तिकडचे फोन बंद पडले होते. गल्लीत कुजबूज सुरू झाली. विधवा के हाथ से सुहागन की चूड़ी, एवढं म्हणून बायका वाक्य अर्धं सोडत. सोमवार गेला, मंगळवार गेला. आमच्या छतावरच्या चपला आता थांबतच नव्हत्या. मी बँकेतून आले की मावशी जिन्यात उभ्या. "फोन आला का गं?" सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तरी तेच.

शेवटी मी भडकले. "मावशी, तुम्ही? जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलंत आणि आता तुम्हीच हे मानायला लागलात?"

माझ्यापेक्षा त्या जास्त भडकल्या. "मी कायले मानू? ते मानतात ना! त्या पोराले काही झालं तर लोक बर्फाले नाव ठेवणार नाहीत. त्या पोरीच्या मोकळ्या हाताले ठेवतील. माझं काय, मी पुण्याले निघून जाईन. ती कुठं जाईल? हात वाचवला अन् पोरगी घालवली, असं नको व्हायले." असं म्हणून त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला इतकी लाज वाटली, की मी त्यांना आत ओढून घेतलं आणि दोघींनी गार झालेला चहा प्यायला.

फोन आला त्या सकाळी मी बँकेत निघाले होते. दाराला कुलूप लावते आहे तोच खालून रश्मी जिन्यात धावत आली, पट्टीतला हात छातीशी धरून, आणि मान वर करून ओरडली, "आंटी! उनका फ़ोन आ गया! ठीक हैं!" ती मला नव्हती सांगत. वरून मावशींचा आवाज आला, "अच्छा." बस, एवढंच. मग त्यांचं दार लागलं.

पण अम्माजी काही विरघळल्या नाहीत. रश्मीचा हात बरा झाला. अनुज होळीला येऊन गेला, नव्या बांगड्या आल्या, गल्ली सगळं विसरली. तरी अम्माजी मावशींशी भाड्यापुरतंसुद्धा बोलायच्या नाहीत, सगळे निरोप रश्मीबरोबर. मलिहाबादला त्यांच्या माहेरची आमराई आहे. दर जूनमध्ये दशहरीची एक पेटी आम्हाला आणि एक वर मावशींना जायची. त्या वर्षी एकच पेटी आली, ती आमच्या मजल्यावर थांबली. मी निम्मे आंबे वर नेले, तर मावशी म्हणाल्या, "घेऊन जा. तुले पाठवले, मले नाही."

"अहो, मग जाऊन माफी तरी मागा. चुकलंच ना तुमचं?"

"चुकलं. अम्माजी चांगली बाई आहे. लेकीसारखी वागवते पोरीले."

"मग?"

"मग काय? चांगल्या घरात विचारायचं नाही, तर कोणत्या घरात विचारायचं? दारावर लिहिलेलं असते काय, कोणतं चांगलं अन् कोणतं वाईट?"

मला दोघींचाही राग यायचा, आणि त्या जिन्यात मी मध्येच अडकल्यासारखी होऊन बसले होते.

थंडी सुरू व्हायच्या आत मावशींच्या गुडघ्यांनी हार मानली. दोन जिने चढणं होईना. मुलगा येऊन सामान बांधू लागला आणि बाई या वेळी भांडल्या नाहीत, त्यावरून मी काय ते समजले. निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायका भेटून गेल्या. ज्यांनी कुजबूज केली होती, त्याही डोळे पुसत होत्या. टॅक्सी खाली उभी, मुलगा पिशव्या उतरवतोय, मी वर रिकाम्या खोलीत मावशींच्या शेजारी. तेवढ्यात जिन्यात सावकाश पावलं वाजली. अम्माजी धापा टाकत दारात आल्या. त्यांचेही गुडघे तसलेच, त्यांना गच्चीपर्यंत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हातात प्रवासासाठी पुरी-भाजीचा डबा.

मी निघायला लागले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. मग मावशींना म्हणाल्या, "उस दिन आपने बहू से जो पूछा था..."

"अम्माजी, वो मैं..."

"सुन लीजिए. हमारी एक छोटी बहन थी. ब्याह के दूसरे बरस उसके घर स्टोव फटा. अस्पताल में कई दिन रही. अम्मा थीं, बाबूजी थे, हम थे. दरोगा भी आया. सबने पूछा, कैसे हुआ. पर उसके ससुर के सामने पूछा. अकेले में किसी ने नहीं पूछा. हमने भी नहीं. हम तो सिरहाने बैठे पंखा झलते रहे." डबा त्यांच्या हातात तसाच होता. "आपसे नाराज़ नहीं थे, सिस्टर. आपको देखते थे तो उस पंखे की याद आती थी."

मावशींनी पुढे होऊन त्यांच्या हातातला डबा घेतला आणि खिडकीत ठेवला. "नाम क्या था?"

"सरोज. घर में बिट्टन कहते थे."

अम्माजींनी पदरानं तोंड पुसलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "पूछते, तो बता देती क्या?"

मावशींना 'हो' म्हणता आलं असतं. मला वाटत होतं, म्हणाव्यात, एवढंसं खोटं बोलून टाकावं. पण जन्मात कधी जखमेवर काही चोपडलं नाही त्या बाईनं. अम्माजींचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "शायद नहीं बताती. लेकिन उसको मालूम पड़ता, अम्माजी, कि पूछने वाला कोई है."

अम्माजी रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं रडणं, त्याला आवाजही नीट येत नव्हता. मावशींनी त्यांना धरून ठेवलं आणि उगी-उगी केलं नाही, रडू दिलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा 'आई, गाडी चुकेल' म्हणत धावत वर येत होता. मी डोळे पुसत बाहेर आले आणि त्याला जिन्यातच अडवलं.

"चुकू दे," मी म्हटलं.